सैनिकी चौकशी आणि नागरी साक्षीदार : समन्सच्या अधिकाराची व्याप्ती

पंचवटीतील एखादा व्यापारी देवळालीच्या छावणीला धान्य पुरवितो. पुढे त्या पुरवठ्यातील अपहाराचा आरोप एखाद्या सैनिकावर येतो व व्यापाऱ्याची हिशेबवही हाच महत्त्वाचा पुरावा ठरतो. अशा वेळी सेनाधिकारी ती वही मागवू शकतात काय, हा प्रश्न नाशिकसारख्या छावणीच्या शहरात केवळ तात्त्विक राहत नाही.

सेना अधिनियम, 1950 च्या कलम 135 मध्ये याचे उत्तर आढळते. कोर्ट मार्शल भरविणारा अधिकारी, त्याचा अध्यक्ष, जज अॅडव्होकेट तसेच आरोपीचा कमांडिंग ऑफिसर हे स्वतःच्या सहीने समन्स काढून साक्षीदारास बोलावू शकतात वा दस्तऐवज मागवू शकतात. मात्र दस्तऐवजाचे वर्णन पुरेसे नेमके असावे लागते; "सर्व कागद आणा" असे मोघम समन्स चालत नाही. साक्षीदार सैनिक असल्यास समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावले जाते. नागरिक असल्यास ते त्या भागातील दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते आणि तो आपल्याच न्यायालयाचे समन्स समजून त्याची अंमलबजावणी करतो. गणवेशाचा अधिकार नागरिकाच्या दारापर्यंत पोहोचतो तो असा नागरी न्यायव्यवस्थेच्या हातूनच. कलम 136 नुसार टपाल व तार खात्याच्या ताब्यातील पत्रे यातून वगळलेली असून त्यांसाठी जिल्हा दंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालयाकडे जावे लागते. (तारसेवा 2013 मध्येच बंद झाली!)

अमेरिकेत खटला कोर्ट मार्शलकडे सोपविण्यापूर्वीच तपासासाठी समन्स काढण्याचा अधिकार 1 जानेवारी 2019 पासून बराच विस्तारला. भारतात आरोपीच्या कमांडिंग ऑफिसरला हा अधिकार खटल्यापूर्वीच्या टप्प्यावरही आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

तथापि साक्षीस बोलावणे वेगळे आणि नागरिकाविरुद्ध तपास करणे वेगळे. 2017 मध्ये देवळालीत सहायक पद्धतीवरील छुप्या चित्रीकरणानंतर एका जवानाचा मृतदेह आढळला. चित्रीकरण करणारी पत्रकार नागरिक असल्याने तिच्याविरुद्ध शासकीय गुपिते अधिनियमान्वये गुन्हा नोंदविण्याचे काम नाशिक पोलिसांकडे गेले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये तो गुन्हा रद्द केला.

या व्यवस्थेतील खरा असमतोल आरोपी सैनिकाच्या बाजूने पाहिल्यास जाणवतो. समन्स काढण्याचा अधिकार त्याला स्वतःला नाही. बचावाचा साक्षीदारही त्याला वरिष्ठांमार्फतच मागवावा लागतो. सेना नियम, 1954 मधील नियम 137 प्रमाणे अधिकाऱ्यांनी आरोपीस हवे असलेले साक्षीदार उपस्थित करण्यासाठी योग्य ती पावले उचलावयाची असतात. परंतु ती उपस्थिती वाजवी प्रयत्नाने शक्य असेल तरच. शिवाय साक्षीदाराच्या खर्चाची हमी त्याच्याकडून मागता येते. दूरच्या गावातील साक्षीदाराच्या प्रवासखर्चाची हमी शिपायाच्या वेतनातून देणे, ही अट कागदावर वाटते तितकी किरकोळ नाही.