पगाराच्या चिठ्ठीतले दोनशे रुपये

तारनाक्याहून रायदुर्गकडे जाणाऱ्या सकाळच्या मेट्रोत आयटीतले इंजिनीअर असतात, तसेच त्याच इमारतींत सफाईचं आणि सुरक्षेचं काम करणारेही. तेलंगणात महिना २० हजारांच्या वर पगार असला की २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. पगार २१ हजार असो की २ लाख, रक्कम तीच. चिठ्ठीतली ही ओळ आपण फारशी वाचत नाही. महाराष्ट्रात मात्र या कराला एक मोठा इतिहास आहे.

१९७२च्या दुष्काळात तिथे लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. कल्पना वि. स. पागे यांची, ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. पुढे १९७७च्या कायद्याने मागेल त्याला काम हा ग्रामीण भागातला हक्क झाला. पैशासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारांनी थोडं द्यायचं, सरकारने तेवढीच भर घालायची आणि गावाकडे पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते करायचे.

फायदा नुसत्या रोजंदारीचा नव्हता. सरकारी काम हाताशी असलं की मजूर, विशेषतः बायका, पडेल त्या मजुरीला नकार देऊ शकत होत्या. २००५ साली केंद्राने केलेल्या रोजगार हमी कायद्यामागे हाच अनुभव होता.

यामागचं गणित सोपं आहे. सगळ्यांचं उत्पन्न १० टक्क्यांनी वाढलं, तर १० हजारवाल्याला १ हजार जास्त मिळतात, २ लाखवाल्याला २० हजार. त्या २० हजारांतले फक्त १ हजार खाली पोचले, तर वरच्याची वाढ साडेनऊ टक्के होते आणि खालच्याची थेट २० टक्के. म्हणजे नुसत्या वाढीने गरिबी कमी होते, पण वाटणी सुधारली की ती कितीतरी लवकर हटते.

राज्यघटनेने व्यवसाय कराला घातलेली वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा १९८८पासून तीच आहे. आपले पगार या काळात कुठल्या कुठे गेले. प्राप्तिकर चढत्या दराने लागतो हे खरं. पण साबणावरचा जीएसटी सफाई कामगारही आपल्याइतकाच भरतो. तेव्हा किती कापलं यावर कुरकुरण्याआधी, कोणाकडून कापलं आणि कोणापर्यंत पोचलं, हे आपल्या पिढीने विचारायला हवं.