बोस्टनचा हिवाळा, २०१२

आयपीएलचा संघ लिलावाच्या सभागृहात, ठरलेल्या रकमेत उभा राहतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये लिलाव नसतो. ऑक्टोबरअखेर वर्ल्ड सिरीज संपली की फेब्रुवारीतल्या सरावापर्यंत खेळाडूंच्या एजंटांशी घासाघीस चालते. खर्चाला कमाल मर्यादा नाही. ठरावीक आकडा ओलांडला की कर भरावा लागतो, एवढंच.

मग हरणारा श्रीमंत संघ पैसे ओतून सुधारत का नाही? मेजर लीगमधली सहा वर्षं पूर्ण झाल्यावरच खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो, त्यामुळे बाजारात येणारे बहुतेक तिशीला टेकलेले असतात. शिवाय करार झाला की रक्कम पक्की. खेळाडू ढेपाळला तरी द्यावीच लागते. दीर्घ करारात आपण बऱ्याचदा त्याच्या मागच्या कामगिरीची किंमत पुढच्या वर्षांत चुकवत असतो.

बोस्टन रेड सॉक्स २०१२मध्ये नेमका इथेच अडकला होता. ६९ विजय, ९३ पराभव, गटात शेवटचं स्थान. जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांनी हंगाम संपायची वाट न पाहता ऑगस्टमध्येच एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड आणि जॉश बेकेट यांना लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवलं. त्यांच्यासोबत २५ कोटी डॉलरहून अधिक देणंही गेलं. माझ्या मते पुनर्बांधणीतली सगळ्यात अवघड चाल हीच. नको असलेला करार उचलायला दुसरा उत्सुक संघ लागतो, आणि असा संघ रोज सापडत नाही.

मोकळे झालेले पैसे एकाच मोठ्या नावावर लावायचा मोह त्यांनी टाळला. शेन व्हिक्टोरिनोला तीन वर्षांसाठी ३.९ कोटी डॉलर, जॉनी गोम्सला दोन वर्षांसाठी एक कोटी, स्टीफन ड्रूला एका वर्षासाठी ९५ लाख. मधल्या दर्जाचे खेळाडू, छोटे करार: एखादा फसला तरी संघ बुडत नाही. माइक नापोलीशीही आधी तीन वर्षं, ३.९ कोटींवर बोलणं झालं होतं; वैद्यकीय तपासणीत खुब्याच्या हाडाचा विकार निघाला आणि करार एका वर्षावर, ५० लाख अधिक बोनसवर आला. कॅचर म्हणून नाव कमावलेल्या नापोलीला फर्स्ट बेसवर उभं केलं. त्याने २३ होमरन मारले.

शेवटच्या इनिंगसाठी चेरिंग्टन यांनी पिट्सबर्गकडून जोएल हॅनराहन आणला होता. तो जायबंदी झाला, त्याच्या जागी आलेला अँड्र्यू बेलीही झाला, आणि ४२.५ लाखांत घेतलेल्या, अडतिशीतल्या कोजी उएहाराकडे चेंडू आला. रेड सॉक्सने जिंकलेल्या २०१३च्या वर्ल्ड सिरीजमधला शेवटचा बळी त्यानेच घेतला. याला योजना म्हणणं जरा धाडसाचंच.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. डेव्हिड ऑर्टिझ, डस्टिन पेड्रोइया, जॉन लेस्टर, जेकोबी एल्सबरी आधीपासून संघात होतेच. हिवाळ्यात बुजवायची होती ती त्यांच्याभोवतीची भगदाडं. असा गाभा नसलेल्या संघाने याच पद्धतीने खरेदी केली, तर फार तर शेवटून दुसरा नंबर येईल.

पद्धतीची दुसरी बाजूही लगेच दिसली. विजेतेपदानंतर एल्सबरीला यांकीजनी सात वर्षांसाठी १५.३ कोटी देऊ केले. बोस्टनने त्याला जाऊ दिलं. ड्रूचा एका वर्षाचा करारही संपला होता. २०१४मध्ये रेड सॉक्स ७१ विजयांसह पुन्हा गटात शेवटचा होता.