घर आपलं, बे आपला. मग शंभर पौंड कोणाचे?

विलायतेत बिऱ्हाड : लेखांक ९

गेल्या आठवड्यात सर्व्हिस चार्जचा हिशेब पाहिला. तो गोळा करणारा मॅनेजिंग एजंट इमारतीच्या आवारात आणखी एका मंडळीला आणून बसवतो: खाजगी पार्किंग कंपनीला. स्लाउ, रेडिंग, हॅरो, मिल्टन कीन्स, कुठल्याही नव्या फ्लॅट-वसाहतीत जा, फाटकाशी बारीक अक्षरांची पाटी दिसेल. मग एखाद्या सकाळी ऑफिसला निघताना काचेवर चिकटवलेलं पाकीट सापडतं. गाडी आपल्याच बेमध्ये, म्हणजे आपल्या पार्किंगच्या जागेत असते, परमिट मात्र डॅशबोर्डवरून घसरून सीटखाली गेलेलं असतं. दंड १०० पौंड, १४ दिवसांत भरलात तर ६०.

आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. परका देश, व्हिसाचा मामला, कशाला नसती भानगड, साठ भरून मोकळे होऊ. दुसरी प्रतिक्रिया ऑफिसातल्या कुणा जुन्या-जाणत्याची: ‘फाडून फेक रे, काही होत नाही.’ दोन्ही सल्ले मला चुकीचे वाटतात.

आधी पाकिटावरचं नाव नीट वाचा. कौन्सिलने दिलेली असते ती पेनल्टी चार्ज नोटीस. तिच्यामागे कायद्याने दिलेला अधिकार असतो, आणि दाद मागायची वाट कौन्सिलमधून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाते. खाजगी कंपनीची असते ती पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींची आद्याक्षरं तीच आणि पाकिटाची रंगसंगतीही बऱ्याचदा तशीच. हा योगायोग आहे असं मानण्याइतका भाबडा मी नाही. पण खाजगी नोटीस म्हणजे सरकारी दंड नव्हे, गुन्हा तर नव्हेच. कंपनीचं म्हणणं एवढंच असतं, की आमची पाटी हा करार होता, गाडी लावून तुम्ही तो मान्य केलात आणि मग मोडलात, म्हणून तुम्ही आमचे पैसे लागता. हा झाला दिवाणी दावा. तो कोर्टात कंपनीलाच सिद्ध करावा लागेल, हे तिलाही ठाऊक असतं.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत वॉचमन चाकाला जॅमर लावून मोकळा होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जागेवर तसं करायला १ ऑक्टोबर २०१२ पासून बंदी आहे. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२ ने ती घातली, पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना बदल्यात एक हत्यारही दिलं: गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही, तर काही अटी पाळून नोंदणीकृत कीपरकडून पैसे मागायची मुभा. कीपरचं, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदवलेली आहे त्याचं, नाव-पत्ता गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या डीव्हीएलएकडून मिळतो, एका नोंदीला अडीच पौंड देऊन. २०२३-२४ या एका वर्षात अशा सव्वा कोटीहून जास्त नोंदी कंपन्यांनी घेतल्या. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथे राहणाऱ्यांनी हा लेख जसाच्या तसा लागू करू नये.)

आता मूळ मुद्दा. ‘खाजगी तिकिटं वैध आहेत, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय’ असं कंपनीच्या पत्रात हमखास लिहिलेलं असतं. तो संदर्भ ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ या नोव्हेंबर २०१५ च्या निकालाचा. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट पार्किंग होतं. बीव्हिस यांची गाडी ५६ मिनिटं जास्त राहिली आणि ८५ पौंडांचं तिकीट आलं. रक्कम कंपनीच्या नुकसानीपेक्षा जास्त असली, तरी जागा फिरती ठेवण्यात दुकानदारांचं रास्त हित आहे, म्हणून आकारणी योग्य, असं कोर्टाने ठरवलं. निकाल पक्का आहे, त्याच्याशी डोकं आपटण्यात अर्थ नाही. पण बीव्हिस तिथे पाहुणे होते. त्या जागेवर गाडी लावायचा त्यांना जो काही हक्क होता, तो पाटीनेच दिलेला होता.

तुमचा बे तसा नाही. फ्लॅट घेताना तुम्ही १२५ किंवा ९९९ वर्षांचं लीज घेतलंत, त्याच्या नकाशावर तुमचा बे लाल रेघेने दाखवलेला आहे, आणि मजकुरात तो वापरायचा हक्क लिहिलेला आहे. तो हक्क आधीचा आहे. नंतर आलेली पार्किंग कंपनी तुम्हाला पाटीवरून काय देऊ करते? जे आधीच तुमचं आहे तेच, वर शंभर पौंडांची अट. फ्रीहोल्डरने, म्हणजे इमारतीच्या मालकाने, एकदा दिलेला हक्क त्याला नंतर मागच्या दाराने काढून घेता येत नाही. २००१ च्या ‘सईद विरुद्ध प्लसट्रेड’ खटल्यात अपील कोर्टाने नेमकं हेच धरलं होतं. केन्सिंग्टनमधल्या त्या इमारतीच्या भाडेपट्ट्यात गाड्या लावायचा सामाईक हक्क होता, आणि मालकाने पुढे जागाच कमी करायला घेतल्या होत्या.

तिकिटाच्या बाबतीत याहून जवळचा निकाल म्हणजे २०१६ चा ‘जॉप्सन विरुद्ध होमगार्ड’. इमारतीत राहणाऱ्या बाई जड फर्निचर उतरवायला दारापाशी गाडी घेऊन आल्या. परमिट नव्हतं, काही मिनिटांत तिकीट लागलं. ऑक्सफर्डला अपिलात न्यायाधीश हॅरिस यांनी दोन गोष्टी ठरवल्या. सामान उतरवण्यापुरतं थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे. आणि लीजने दिलेला जायचा-यायचा हक्क मॅनेजिंग कंपनी आपल्या मर्जीने, पाटी ठोकून, बदलू शकत नाही. काउंटी कोर्टाच्या पातळीवरचा निकाल इतर न्यायाधीशांवर बंधनकारक नसतो, पण अपिलातला असल्याने वजनदार आहे. तिकिटाविरुद्ध लिहाल त्या पत्रात सईद आणि जॉप्सन या दोन्ही खटल्यांची नावं घाला. बीव्हिसचा दाखला देणाऱ्याला उलट दाखला द्यायलाच हवा.

लीजचं कलम खरंच बदलायचं असेल तर त्याचीही रीत आहे. लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट १९८७ च्या कलम ३७ प्रमाणे, भाडेपट्टे आठाहून जास्त असतील तर किमान ७५ टक्क्यांची संमती लागते, १० टक्क्यांहून जास्त विरोध चालत नाही, आणि वर न्यायाधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. मॅनेजिंग एजंटने सगळ्यांना एक ई-मेल टाकला आणि परमिटं वाटली, म्हणजे लीज बदललं असं होत नाही.

इथे एक पथ्य. लीज वाचल्याशिवाय वाघासारखं पत्र लिहू नका. पुष्कळ लीजांत एक कलम दडलेलं असतं: ‘इमारतीच्या सोयीसाठी फ्रीहोल्डर वेळोवेळी करील ते वाजवी नियम पाळणे.’ त्याच्या आधारे परमिटची सक्ती टिकू शकते. काही लीजांत तर परमिट लावायचं बंधन सरळ लिहिलेलंच असतं. मग बाजू लंगडी होते आणि साठ पौंड भरणंच शहाणपणाचं. बे ठरावीक नसून ‘जागा असल्यास’ लावायचा हक्क असेल, तर निकाल कसाही लागू शकतो. भाड्याने राहत असाल तर तुमच्या भाडेकरारात बेचा उल्लेख आहे का ते पाहा, आणि घरमालकाकडे त्याच्या लीजची प्रत मागा. तो देत नसेल तर लँड रजिस्ट्रीकडून फी भरून मागवता येते. पाहुण्यांच्या बेसाठी मात्र लीजमध्ये सहसा काहीच आधार नसतो. गणपतीला घरी आलेल्यांना व्हिजिटर परमिट द्यायला विसरलात, तर हा सगळा युक्तिवाद तिथे उपयोगाचा नाही.

पहिलं पत्र पार्किंग कंपनीआधी मॅनेजिंग एजंटला लिहावं. कंपनी त्यांनीच आणलेली असते, तिकीट रद्द करा असं ते तिला सांगू शकतात. ‘आमच्या हातात काही नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे; ते लेखी घ्या आणि कंपनीशी झालेल्या कराराची प्रत मागा. बऱ्याच ठिकाणी कंपनी इमारतीकडून एक पैही घेत नाही, तिकिटांवरच तिचं पोट चालतं. रहिवाशांचीच मॅनेजमेंट कंपनी असेल तर वार्षिक सभेत हा करार विषयपत्रिकेवर घ्या. कंपनीला घालवून दिलेल्या इमारती आहेत, आणि शेजाऱ्यांनी एकत्र येऊन सह्या केल्या की एजंटाचा सूर बदलतो.

कंपनीकडे अपील करायला २८ दिवस असतात. ते कीपर म्हणून करा. गाडी कोणी लावली होती हे सांगायचं बंधन तुमच्यावर नाही, म्हणून ‘मी गाडी लावली’ ऐवजी ‘गाडी उभी होती’ असं लिहा. आपला प्रामाणिकपणा इथे नडतो; पहिल्याच ओळीत आपण सगळं कबूल करून बसतो. काचेवर काही न लावता, कॅमेऱ्याने टिपून नोटीस पोस्टाने पाठवली असेल, तर ती पार्किंगनंतर १४ दिवसांत पोचली पाहिजे. काचेवर पाकीट होतं, तर कीपरला पत्र २८ दिवसांनंतर, पण ५६ दिवसांच्या आत यावं लागतं. मुदत चुकली की कीपरकडून पैसे मागायचा कंपनीचा हक्क गेला. नकार आला तर पुढची पायरी पॉप्ला किंवा आयएएस या अपील सेवेची, कंपनी कुठल्या संघटनेची सभासद आहे त्यावर. निकाल विरुद्ध गेला तरी तो तुमच्यावर बंधनकारक नाही, कंपनीवर आहे.

त्यानंतर वसुली कंपन्यांची लाल अक्षरांतली पत्रं येतात, रक्कम १७० होते. या लोकांना कसलाही अधिकार नसतो, ते दारात येऊन टीव्ही उचलत नाहीत. ही पत्रं फायलीत लावून गप्प बसलं तरी चालतं. मात्र ‘लेटर बिफोर क्लेम’, म्हणजे दाव्याआधीचं पत्र, आलं की गप्प बसायचे दिवस संपले. त्याला ३० दिवसांत उत्तर द्या. आणि काउंटी कोर्टाचा क्लेम फॉर्म आला, तर १४ दिवसांत पोच द्या, म्हणजे बचाव मांडायला आणखी १४ मिळतात. हा स्मॉल क्लेम्सचा मामला असतो. हरलात तरी साधारण अडीचशेच्या आसपास जातात, वकिलांची भली मोठी बिलं सहसा अंगावर पडत नाहीत. हरल्यावर महिन्याभरात पूर्ण पैसे भरले, तर निकालाची नोंदही राहत नाही.

खरा धोका आहे तो उत्तरच न देणाऱ्याला. त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल होतो, आणि न भरलेला सीसीजे (काउंटी कोर्टाचा निकाल) सहा वर्षं क्रेडिट फायलीत राहतो. मॉर्गेजवाले तो पाहतात. नागरिकत्वाच्या अर्जातही दिवाणी निकालांबद्दल प्रश्न असतो. आपल्या लोकांचं इथे नेमकं काय चुकतं? आपण दर वर्ष-दोन वर्षांनी घर बदलतो. बँक, जीपी, शाळा सगळीकडे नवा पत्ता कळवतो आणि गाडीच्या व्ही५सी लॉगबुकवर जुनाच राहू देतो. सगळी पत्रं जुन्या घरी जातात, निकालही तिथेच होतो, आणि ते कळतं थेट मॉर्गेज नाकारलं गेल्यावर. तो निकाल रद्द करून घ्यायच्या अर्जालाच ३०० पौंडांच्या वर फी आहे. गाडी ऑफिसच्या स्कीममधून लीजवर घेतलेली असेल, तर नोटीस लीज कंपनीकडे जाते. ती पैसे भरून वर आपली फी लावू शकते, म्हणून तिला आधीच कळवून ठेवा.

या धंद्याला वेसण घालायला २०१९ मध्ये कायदा झाला. सरकारी आचारसंहिता फेब्रुवारी २०२२ मध्ये आली आणि कंपन्या कोर्टात गेल्यावर जूनमध्ये मागे घेतली गेली. ऑक्टोबर २०२४ पासून कंपन्यांच्या दोन संघटनांनी स्वतःच लिहिलेली संहिता लागू आहे. तिच्यावर किती विसंबायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी तरी लीजवरच विसंबेन.

तेव्हा या शनिवारी दोन कामं करा. सॉलिसिटरने पाठवलेल्या ढिगातून लीज काढून पार्किंगचं कलम वाचा. आणि लॉगबुकवरचा पत्ता पाहा. तो ऑनलाइन, फुकट बदलता येतो, आणि न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड आहे. तो मात्र सरकारी.

(पुढील लेखांक : भाड्याचं डिपॉझिट परत कसं मिळवायचं)