मैदान रक्तात असतं का?

पावसाळा ओसरू लागला की शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचं वारं वाहू लागतं. आपल्या शेगावचंच पाहा ना! एकीकडे मंदिराच्या वाटेवर भाविकांची वर्दळ, तर दुसरीकडे मैदानावर चुन्याने आखलेले पट्टे, शिट्ट्या आणि आरडाओरडा. तालुक्याला पहिला आला की जिल्हा, जिल्ह्यानंतर अमरावती विभाग, मग राज्य आणि राष्ट्रीय. एकेक पायरी चढायची!

या मैदानाच्या कडेला पालकही उभे असतात. त्यांचं बोलणं कधी कान देऊन ऐकलंय? कुणी म्हणतो, "पाय बरं, कसा पयते! माह्या पोराच्या रक्तातच हाय. मी बी शाळेत असतानी असाच पयत होतो." कुणी आई हळूच म्हणते, "आमच्या घरात कोणीच खेळलं नाही हो. हिला कुठलं जमायला?"

दोन्ही बोलणी वरवर उलटी वाटतात, पण आतली समजूत एकच आहे. खाण तशी माती! आईबाप जसे, तसं लेकरू. पण दोस्तांनो, खेळाच्या बाबतीत हे कितपत खरं आहे? रक्तातून नेमकं काय येतं आणि काय येत नाही?

अदलाबदल झालेलं बाळ

१० जुलै १९४९ रोजी मुंबईच्या एका रुग्णालयात एक बाळ जन्मलं. बाळाला पाहायला नारायण मसुरेकर नावाचे काका आले. बाळाच्या डाव्या कानाजवळ एक बारीकसं भोक आहे, हे त्यांच्या बरोबर लक्षात राहिलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, बाळाला उचललं आणि दचकलेच. कानाजवळ भोक नाही! एकच धावपळ उडाली. शोधाशोध झाली, तेव्हा भोकवालं बाळ एका कोळीणबाईंच्या कुशीत शांत झोपलेलं सापडलं. आंघोळ घालताना बहुधा अदलाबदल झाली असावी.

ते बाळ म्हणजे सुनील गावसकर! १२५ कसोटी, १०,१२२ धावा आणि ३४ शतकं. हा किस्सा त्यांनी स्वतःच 'सनी डेज' या पुस्तकात सांगितला आहे. काकांचं लक्ष गेलं नसतं तर आपण कोळी झालो असतो, असंही ते गमतीनं म्हणतात.

आता विचार करा. बाळ तेच, रक्तही तेच. घर तेवढं बदललं असतं. मग गावसकर घडले असते का? या घरात मामा माधव मंत्री होते, भारताकडून चार कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. घरातल्या गॅलरीत टेनिसच्या चेंडूनं लेकाला गोलंदाजी करणारी आई होती. एकदा सुनीलनं मारलेला चेंडू थेट तिच्या नाकावर बसला, रक्त आलं. तिनं तोंड धुतलं आणि पुन्हा चेंडू टाकायला उभी राहिली! त्या कोळीवाड्यातल्या घरात कदाचित एखादा पट्टीचा पोहणारा किंवा नावाडी घडला असता. पण सलामीवीर? कठीणच.

मामांची आणखी एक गोष्ट. लहानग्या सुनीलला त्यांचा भारतीय संघाचा स्वेटर हवा होता. मामांनी दिला नाही. तो घाम गाळून मिळवायचा असतो, असं त्यांनी भाच्याला समजावलं. भाच्याच्या अंगात मामाचं रक्त होतं, पण स्वेटर काही रक्तातून मिळाला नाही.

अर्धं आईचं, अर्धं बाबांचं

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं असतात. शरीर कसं घडवायचं याच्या त्या सूचनाच म्हणा. निम्म्या सूचना आईकडून येतात, निम्म्या बाबांकडून. पण कुठला निम्मा भाग येणार, हे प्रत्येक लेकराच्या वेळी नव्यानं ठरतं. म्हणूनच एकाच घरात एक भाऊ ताडमाड आणि दुसरा ठेंगू निघू शकतो.

काही गोष्टी जनुकांवर बऱ्याच अवलंबून असतात. उंचीचंच घ्या. नीट खायला-प्यायला मिळणाऱ्या समाजात माणसामाणसांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो. स्नायूंच्या बाबतीत ए.सी.टी.एन.-३ नावाचं एक जनुक फार गाजलं. वेगानं आकसणाऱ्या स्नायूंमध्ये लागणारं एक प्रथिन त्याच्यामुळे तयार होतं. काहींच्या शरीरात या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद असतात आणि ते प्रथिन तयारच होत नाही. कमी अंतर वेगानं धावणाऱ्या जगातल्या अव्वल धावपटूंमध्ये अशी माणसं फार कमी सापडतात. झालं! वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं 'वेगाचं जनुक', आणि थुंकीचा नमुना घेऊन "तुमचं मूल कोणत्या खेळात चमकेल" ते सांगणाऱ्या कंपन्याही निघाल्या.

पण थांबा. हे जनुक चालू असलेली माणसं जगात अब्जावधी आहेत. ती सगळी ऑलिंपिकला जातात का? आणि उलट बाजूही पाहा. स्पेनच्या एका ऑलिंपिक लांब उडीपटूच्या दोन्ही प्रती बंद निघाल्या. तरी गड्यानं ८.२६ मीटर उडी मारली होती! खेळातली गुणवत्ता एका जनुकावर नाही, शेकडो जनुकांवर आणि त्याहून जास्त गोष्टींवर उभी असते. २०१५ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट सांगितलं की मुलांमधले खेळाडू हेरण्यासाठी अशा चाचण्यांचा काहीही उपयोग नाही. तेव्हा आईबाबांनी ते पैसे वाचवून चांगले बूट घेतलेले बरे!

आणखी एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी शेकडो माणसांकडून २० आठवडे सारखाच सायकलचा व्यायाम करून घेतला. काहींचा दम भरपूर वाढला, काहींचा जेमतेम. व्यायामाचं फळ किती मिळणार, यातही आनुवंशिकतेचा बराच वाटा निघाला. म्हणजे शेजारच्या पोरीइतकाच सराव करूनही तुम्ही मागे राहिलात, तर तो दर वेळी आळस नसतो. "ती करते, मग तुला काय धाड भरली?" हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे.

जानेवारीचा आणि डिसेंबरचा

आता एक कोडं. चौदा वर्षांखालच्या गटात दोन मुलं उभी आहेत. दोघांचं जन्मसाल एकच. एक जानेवारीत जन्मला, दुसरा डिसेंबरमध्ये. शालेय स्पर्धेत वय ३१ डिसेंबरला मोजतात, म्हणून दोघे एकाच गटात. पण पहिला दुसऱ्यापेक्षा जवळपास वर्षानं मोठा आहे! तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढा फरक. त्यात कुणाची मिसरूड लवकर फुटते, कुणाची दोन वर्षं उशिरा. मोठा दिसणारा निवडला जातो, त्याला जास्त सामने मिळतात, चांगले मार्गदर्शक मिळतात. लहानखुरा घरी बसतो. कॅनडातल्या आइस हॉकीपासून युरोपातल्या फुटबॉलपर्यंत अनेक देशांत हे मोजून पाहिलं आहे. निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त भरतात.

काही पालक मग दाखल्यावरची जन्मतारीखच पुढे ढकलतात. क्रिकेट मंडळानं यावर उपाय म्हणून लहान गटांतल्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहायला सुरुवात केली. पण यात खरं नुकसान कुणाचं? आपल्याहून लहान मुलांना हरवून जिंकण्याची सवय लागलेल्या त्या मुलाचंच. शिवाय बाबांनी आपल्या नावावर खोटं लिहिलंय, हे त्याला ठाऊक असतं.

आडनावाचं ओझं

रक्तात खेळ असला तर सगळं सोपं, असं वाटतं ना? संजय मांजरेकर यांना विचारा. वडील विजय मांजरेकर, ५५ कसोटी खेळलेले नावाजलेले फलंदाज. संजयही ३७ कसोटी खेळला, १९८९ मध्ये लाहोरला त्यानं २१८ धावा केल्या. म्हणजे वारसा उतरलाच. पण मोठेपणी लिहिलेल्या आत्मकथनात त्यानं मोकळेपणानं सांगितलं की लहानपणी वडिलांबद्दल त्याच्या मनात मुख्यतः भीती होती. गावसकरांचा मुलगा रोहन भारताकडून ११ एकदिवसीय सामने खेळला. केवढी मोठी गोष्ट! पण लोकांच्या हातातली फूटपट्टी १०,१२२ धावांची होती.

आणि आडनाव मोठं नसलं, तरी आकडा मोठा असू शकतो. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या १५ वर्षांच्या मुलानं शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. वडील रिक्षाचालक. देशभर नाव झालं, मुंबई क्रिकेट संघटनेनं दरमहा १० हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा आटल्या. तेव्हा २०१७ मध्ये घरच्यांनीच कळवलं की कामगिरी होत नाही, शिष्यवृत्ती थांबवा. किती प्रामाणिक माणसं! पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या मागे एक हजार हा आकडा लागला की पुढची पन्नास धावांची चांगली खेळीही लोकांना फिकी वाटते, हेही तितकंच खरं.

आच मंद हवी

शेगावात राहणाऱ्याला कचोरी शिकवायला नको. पीठ चांगलं, सारण चांगलं, पण आच मोठी केली की काय होतं? कचोरी वरून लगेच लालबुंद दिसते आणि आत कच्चीच राहते. मुलांचंही तसंच आहे. वाढत्या वयात हाडांची टोकं नाजूक असतात. रोज एकाच खेळाचा एकसारखा मारा झाला की गुडघ्याखाली, टाचेत, खांद्यात दुखणी सुरू होतात. बालरोगतज्ज्ञ म्हणूनच सांगतात की आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवी, वर्षातून काही महिने खेळ बदलायला हवा, आणि एकच खेळ धरून बसायची घाई पंधरा-सोळा वर्षांपर्यंत करू नये.

उशीर होईल, ही भीती वाटते? अविनाश साबळेची गोष्ट ऐका. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी रोज कित्येक किलोमीटर चालत शाळेत जायचा, पण कुणी त्याला 'भावी विजेता' म्हणून तयार करत नव्हतं. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनला राहिला, आणि शर्यतीच्या धावण्याला लागला तेव्हा विशीत होता. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्णपदक त्यानंच आणलं.

आपल्या जिल्ह्यातलाच प्रथमेश जावकर पाहा. बुलढाण्याचा हा तिरंदाज २०२३ च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात उतरला, तेव्हा १९ वर्षांचा होता. अंतिम फेरीत समोर नेदरलँड्सचा जागतिक अव्वल माईक श्लोसर. प्रथमेशनं त्याला १४९-१४८ असं एका गुणानं हरवलं! हात थरथरू न देता बाण सोडण्याचं जनुक अजून कुणाला सापडलेलं नाही. ते हजारो बाण सोडूनच येतं.

म्हणजे बघा, रक्तातून येते ती नुसती सुरुवात. उंची, हाडापेराची ठेवण, दम वाढण्याची ताकद यांतलं काही मिळतं, काही मिळत नाही. ते ना तुमचं कर्तृत्व, ना तुमचा अपराध. सराव, चांगले गुरू, पोटभर जेवण आणि झोप यांनी ती सुरुवात फुलते. आणि धाक? धाकानं जनुकं बदलत नाहीत. खेळायची ओढ तेवढी मरते. ओढ मेली की मूल एक दिवस बूट कोपऱ्यात टाकतं आणि पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही.

आईबाबांसाठी चार ओळी

दहावीचे सवलतीचे गुण, नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची आशा धरणं गैर नाही. पण सामना संपल्यावर मोटारसायकलवर मागे बसलेल्या लेकराला घरी पोचेपर्यंत चुका मोजून दाखवू नका. त्या चुका त्याला तुमच्याआधी कळलेल्या असतात. मैदानात शिकवायचं काम सरांना करू द्या. हरलेल्या दिवशीही जेवणात रोजच्यासारख्याच गप्पा होऊ द्यात. आणि "मी जे करू शकलो नाही ते तू कर" हे वाक्य ओठांवर आलं, तर ते आधी स्वतःलाच एकदा ऐकवा.

या रविवारी करून पाहा

दोन कागद घ्या. एक तुमच्याकडे, एक आईबाबांकडे. दोघांनीही एकमेकांना न दाखवता तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची.

१. मी (किंवा माझं मूल) हा खेळ का खेळतो?

२. सामना हरल्यावर घरी काय होतं?

३. उद्या हा खेळ सोडला, तर सगळ्यात जास्त वाईट कुणाला वाटेल?

लिहून झाले की कागद बदला आणि शांतपणे वाचा. तिसऱ्या प्रश्नाला दोन्ही कागदांवर मुलाचंच नाव निघालं, तर बिनधास्त सरावाला पळा. आईबाबांचं निघालं, तर त्या दिवशी सराव राहू द्या. आधी घरात बसून बोला.