रुग्णशय्येवरील गंगाजळी

ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील तळघरांत शिंदे सरकारांनी अडीअडचणीच्या प्रसंगासाठी राखून ठेवलेल्या गुप्त खजिन्याला ‘गंगाजळी’ म्हणत, हे येथील जुन्या मराठी घरांत लहानपणीच कानांवर पडते. आणि माणसाच्या देहातही संकटकाळी मोडण्यासाठी अशीच एखादी गंगाजळी असते, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर चार-आठ दिवस पोटात अन्न गेले नाही तरी अंगावरचे मांस कामी येईल, ही समजूतही त्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहे. चरबीपुरती ती खरी आहे. परंतु प्रथिनांचे राखीव कोठार देहात कोठेही नाही. तेथील प्रत्येक प्रथिन कोणत्या ना कोणत्या चाकरीवर रुजू असते, आणि स्नायू खर्ची घालणे म्हणजे खजिन्यातील मोहरा मोडणे नसून तटावरील पहारेकरी एकेक करून कमी करणे होय. ज्या स्नायूंनी रुग्ण खोकतो, श्वास घेतो, कुशीवर वळतो, तेच या खर्चात सापडतात.

हा खर्च होतो तरी कशासाठी? यकृतातील साखरेचा साठा साधारण दिवसभरात संपतो, मेंदूला मात्र रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि चरबीतील स्निग्धाम्लांपासून साखर बनवण्याची विद्या आपल्या देहाला अवगत नाही. म्हणून स्नायूंतील अमिनो आम्ले यकृताकडे रवाना होतात आणि तेथे त्यांची साखर होते. निरोगी मनुष्य दीर्घ उपवास करतो तेव्हा काही दिवसांत त्याचा मेंदू चरबीपासून निघणाऱ्या कीटोनांवर भागवून घेऊ लागतो आणि स्नायूंची ही वसुली मंदावते. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा प्रसंगी मात्र कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन आणि दाहकारक द्रव्ये देहाला ही काटकसर करू देत नाहीत. म्हणूनच उपवास सहज झेपणाऱ्या माणसाला आजारपणातही लंघन झेपेल, हे अनुमान चुकीचे आहे.

ग्लासगो येथील डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या सुमारास हाड मोडलेल्या रुग्णांच्या मूत्रातील नायट्रोजन मोजला, तेव्हा तो जखमी अवयवातून येणे शक्यच नाही इतका भरला. एका अवयवाच्या दुखापतीसाठी सर्व देहाच्या स्नायूंवर पट्टी बसवली जाते, असा त्याचा अर्थ होता. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिन, म्हणजेच जवळजवळ ३० ग्रॅम ओला स्नायू. दिवसाला १५ ग्रॅमची तूट आली, तर साडेचारशे ग्रॅम स्नायू त्या एका दिवसात गेला असे धरावे. लंडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा छेद दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. आणि रुग्ण स्थूल असेल तर हा क्षय चरबीआड दडून राहतो, म्हणून ‘याच्या अंगावर पुष्कळ आहे’ हे सांत्वन मला सर्वांत धोक्याचे वाटते.

आता बाटलीविषयी. ग्वाल्हेरच्या जयारोग्य इस्पितळाच्या आवारात काय किंवा देशातील कोणत्याही रुग्णालयाबाहेर काय, ‘ग्लुकोज चढते आहे, म्हणजे ताकद येते आहे’ हे वाक्य किती निश्चिंतपणे उच्चारले जाते! पाच टक्क्यांच्या अर्धा लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर १०० कॅलरी. साठ किलो वजनाच्या रुग्णाची रोजची गरज १५०० कॅलरींच्या आसपास धरली, तर ती भागवण्यास अशा पंधरा बाटल्या, म्हणजे साडेसात लिटर पाणी शिरेत सोडावे लागेल, आणि एवढे करूनही प्रथिन शून्यच राहील. साध्या सलाइनमध्ये तर साखरही नसते. या बाटल्यांचे काम पाणी व क्षार पुरवण्याचे आहे आणि ते मोलाचे आहे. अन्नाचे काम त्यांच्याकडे सोपवणे मात्र अनाठायी होय.

घरून येणाऱ्या डब्याची कथा याहून फारशी निराळी नाही. साबुदाण्याची खीर, नारळाचे पाणी, वरणावरचे निवळ पाणी हे पदार्थ मायेने येतात, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि डाळीचे प्रथिन बहुतांशी पाण्यात उतरत नाही, दाण्यातच राहते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दर किलो वजनामागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिन, म्हणजे साठ किलोच्या रुग्णास ७५ ते ९० ग्रॅम, सामान्यतः योग्य मानले जाते. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, एका अंड्यातून सहा, शंभर मिलिलिटर दुधातून तीन, हा हिशेब डबा भरणाऱ्या माउलीला कोणीतरी सांगितला पाहिजे; तिच्या कष्टांचे चीज त्यानेच होईल.

आतड्यांना विश्रांती हवी, वायू सरेपर्यंत काही देऊ नये, हा दंडकही आता सैल झाला आहे: बहुतेक शस्त्रक्रियांनंतर काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी तोंडाने आहार सुरू करतात, आणि बेशुद्ध रुग्णाचे रक्ताभिसरण स्थिर झाले की ४८ तासांच्या आत नाकातील नळीने. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन उतरले म्हणजे कुपोषणच झाले, असेही नव्हे. ते मुख्यतः दाहामुळे उतरते.

उपाशी ठेवण्याच्या उलट टोकाची चूकही तितकीच घातक आहे. बेल्जियममधील २०११च्या मोठ्या चाचणीत पहिल्याच दिवसांत ज्यांचे पोषण शिरेतून पुरे करू पाहिले, त्यांच्यात आठवडाभर थांबलेल्या रुग्णांपेक्षा संसर्ग अधिक झाले. २०२३ च्या एका बहुराष्ट्रीय चाचणीत दर किलोमागे २.२ ग्रॅम वा त्याहून अधिक प्रथिन दिल्याने रुग्ण लवकर घरी गेले नाहीत, आणि ज्यांची मूत्रपिंडे बिघडली होती त्यांचे नुकसानच झाले असावे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्यास एकदम भरपेट दिल्यास रक्तातील फॉस्फेट कोसळून प्राणांवर बेतते.

आणि अन्न पोचले तरी निष्क्रिय स्नायू ते पुरते स्वीकारीत नाही. ग्वाल्हेरात १९५७ पासून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने चालणाऱ्या शारीरिक शिक्षण संस्थेतील नवखा विद्यार्थीही जाणतो की ताणावाचून स्नायू टिकत नाही. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता, आहार चालू असूनही, त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू गेल्याचे आढळले आहे. म्हणून वैद्यांनी अनुज्ञा देताच रुग्णाला खाटेच्या कडेला बसवावे, दुसऱ्या दिवशी खुर्चीत, मग खिडकीपर्यंत. आणि घरी परतल्यावर जिना चढताना तो मध्येच थांबला, तर ‘अजून अशक्तपणा आहे, पडून राहा’ असे न म्हणता, त्याला श्वास घेऊ देऊन पुढची पायरी त्याच्याबरोबर चढावी.