बुलढाण्यातल्या गावांच्या नावात 'राजा' कुठून आला?

सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा. बुलढाणा जिल्ह्यात एवढी 'राजा' गावं कशी? याचं उत्तर आहे जाधवराव घराणं. त्याच्या शाखा या भागात नांदल्या.

सिंदखेडची देशमुखी लखुजी जाधवरावांकडे होती. निजामशाहीतले ते बडे सरदार. १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात त्यांची हत्या झाली. मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेही मारले गेले.

मग घराण्याचं पुढे काय झालं?

लखुजींची लेक जिजाबाई तेव्हा भोसल्यांच्या घरी होत्या. पुढच्याच वर्षी, १६३० मध्ये, त्यांच्या पोटी शिवाजी महाराज जन्मले. दुसरी शाखा अचलोजींची. त्यांचा मुलगा संताजी, संताजींचा शंभूसिंह आणि शंभूसिंहांचे धनाजी. हेच धनाजी जाधव पुढे मराठ्यांचे सेनापती झाले आणि मोगलांशी लढले.

पिढ्यान् पिढ्यांची नावं जपली जाण्यामागे जमिनीचाही हात होता. देशमुखी वंशपरंपरेनं मिळायची. हक्क सांगायचा तर आपण कोणाचे कोण, हे दाखवावं लागायचं.

आजही सातबारावर वारसनोंद करताना पहिला प्रश्न तोच असतो: मयताशी तुमचं नातं काय?