हाताला कळणारा परिसर

खेडास जगबुडीच्या कांठीं ऊन खात पडलेल्या मगरी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस मगर म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. परंतु तीच मगर जन्मांध मुलाला कशी सांगावी? मातीची वीतभर मगर करून हातीं दिली, तर तो मगर वीतभरच समजणार! तिच्याबरोबर दहा फूट दोरी अंगणांत ताणून तिच्या कडेनें त्याला चालवावें लागतें. ही युक्ति पुस्तकांत सांपडेलच असें नाहीं. ती शिक्षकाच्या हातांत असावी लागते.

सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरणाचें शिक्षण शाळांतून द्यावें असें ठरविलें, आणि १९९२ च्या पुनर्वास परिषदेच्या कायद्यानें विशेष शाळांतील शिक्षकांच्या शिक्षणक्रमाला व नोंदणीला नियम लागले. दोन्ही गोष्टी इष्टच. पण ह्या दोहोंची गांठ कोठें पडावी? आमच्या मतें ती शिक्षकाच्याच बांधलेल्या डोळ्यांपाशीं पडावी.

आम्हीं डोळ्यांस रुमाल बांधून एक साधा प्रयोग करून पाहिला. एका हातीं जांभ्याचा तुकडा, दुसऱ्या हातीं काळा दगड. जांभ्याचीं भोकें बोटांस तत्काळ लागलीं. दोहोंवर पळीभर पाणी घातलें, तों जांभ्यांत तें मुरलें व काळ्या दगडावरून ओघळून मनगटापर्यंत आलें. (हंसूं आलें, हेंही खरें.) एवढा धुवांधार पाऊस पडूनही कातळावरच्या वाडीची विहीर वैशाखांत कां आटते, ह्याचें उत्तर त्या ओल्या हातांत होतें: जांभ्याच्या भोकांतून पाणी खालीं झिरपतें व झऱ्यांवाटे लवकरच वाहून जातें. पाऊस मोजण्यासही डोळे लागत नाहींत. उभ्या भिंतीच्या डब्यांत खांचा पाडलेली काठी बुडवावी व ती कोठवर भिजली तें बोटानें चाचपावें.

कर्णबधिरांची अडचण वेगळी. २०१८ सालीं भारतीय खुणांच्या भाषेचा ३,००० शब्दांचा कोश निघाला, हें फार चांगलें झालें. तरी ‘बाष्पीभवन’ ही खूण आधीं आणि उन्हांत ठेवलेली पाण्याची बशी मागाहून, असा क्रम लावला तर खूण पोकळच राहते. ज्या मुलांच्या बुद्धीची वाढ सावकाश होते, त्यांच्यासाठीं तीच बशी आठ दिवस ठेवावी.

हॉलंडांत १९४६ सालीं जन्मलेले गीरट व्हर्मे तीन वर्षांचे असतांनाच अंध झाले. पुढें अमेरिकेंत ते शाळेंत असतां त्यांच्या शिक्षिकेनें फ्लॉरिडाहून आणलेले शंख वर्गांत मांडले होते. ते चाचपतां चाचपतां त्या मुलास जो नाद लागला, तो त्यांस विद्यापीठांतील प्राध्यापकपदापर्यंत घेऊन गेला. खेंकड्यांनीं फोडूं पाहिलेल्या शंखांवरचे बुजलेले व्रण ते बोटांनीं वाचूं लागले. हर्णैची पुळण खेडाहून फार लांब नाहीं. शिक्षकवर्गाचा एक दिवस तेथें, डोळे बांधून, जावा असें आम्हांस वाटतें.